मरानच्या अंड्यांचा रंग

लेटरकेनीहून बाबांच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, डॉ. हेमचंद्रांचा, फोन आला तेव्हा मी सँट्रीतल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होते.

"योगिनी, रागावणार नसशील तर विचारतो. उल्हासरावांच्या नावाने सुपरमार्केटातली अंडी पाठवायला लागलात की काय?"

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी फोटो पाठवला.

बाबांच्या मरान जातीच्या कोंबड्या गडद चॉकलेटी अंडी घालतात. इतकी गडद, की नवखा माणूस आधी बोट घासून बघतो. लोक त्या रंगासाठीच पैसे मोजतात. फोटोतली अंडी दुधाळ चहाच्या रंगाची होती, काही ठिकाणी डाग पडलेली.

"बरं, रंगाचं जाऊ दे," डॉक्टर म्हणाले. "आठवडाभर इनक्युबेटरमध्ये ठेवली. मागून टॉर्च धरून बघितलं तर आत काही नाही. एकाही अंड्यात जीव धरला नाही गं. पूर्वी असं कधी व्हायचं नाही. कोंबडीवाल्यांच्या ग्रुपवर आणखी दोघं कुरकुरतायत. मी तुझ्या बाबांसाठी गप्प बसलोय, पण तू बघ जरा."

बाबा डिसेंबरात गेले. गॉलवेतल्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अथेनरायच्या बाहेर तीन एकर जागा आणि तिच्यावरचं बैठं घर घेतलं, आणि जिथे तिथे मिळत नाहीत अशाच कोंबड्या पाळायच्या असं ठरवलं. आईने एकच अट घातली होती: अंडं आणि कोंबडी तिच्या ओट्यावर येणार नाही. बाबांनी ती अट पाळली. खायची अंडी विकण्यात काही उरत नाही, उबवायची अंडी विकण्यात उरतं, हे त्यांना दुसऱ्या वर्षी कळलं. पाचव्या वर्षी ते मला फोनवर अभिमानाने म्हणाले, "आता कोंबड्या मला पोसतात." आयर्लंडभरच्या हौशी लोकांत 'उल्हासची मरान' असं नाव झालं होतं. माझ्याकडे त्यांचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि या वसंतात ते टिकणार की जाणार हे मला ठरवायचं होतं. शेजारच्या डेक्लनने सगळा कळप नावासकट मागितला होता. मार्चमधल्या सेंट पॅट्रिक्स डेपर्यंत उत्तर दे म्हणाला होता.

त्यामुळे फोन ठेवल्यावर मनात पहिला आला तो डेक्लनच.

आई गाडी चालवत नाही. दर शनिवारी मी जाऊन अंडी गोळा करायचे, सोमवारी ती खोकी बांधून ठेवायची आणि डेक्लन ती कुरिअरवाल्याकडे पोचवायचा. शनिवारी मी स्वतः खुराड्यातून काढलेली अंडी चॉकलेटी होती, बुधवारी लोकांच्या घरी पोचलेली फिकी. मध्ये एकच माणूस. त्याच्याकडे स्वतःच्या साध्या तपकिरी कोंबड्या आहेत, त्यांची अंडी अशीच दिसतात. चांगली अंडी स्वतःकडे उबवायची, आमच्या खोक्यात आपली घालायची, नाव पडलं की पडत्या भावात कळप घ्यायचा. हे सगळं मी घरी पोचेपर्यंत पक्कं केलं. तो अंत्यविधीला सगळ्यात आधी आला होता आणि सगळ्यात शेवटी गेला होता, तेही आता मला वेगळंच वाटू लागलं.

शनिवारी मी अथेनरायला गेले. अंडी गोळा केली, मोजली, प्रत्येकाच्या बोथट टोकावर बाबांच्या पांढऱ्या पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि मागच्या थंड खोलीतल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवली.

"आई, सोमवारी मी इथेच थांबणार आहे."

"कशाला? मी आहे ना."

"असंच."

"रजा वाया घालवू नकोस," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. मला ते नेहमीचं वाटलं.

सोमवारी सकाळी आंघोळीला गरम पाणी मिळालं नाही. हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, बघितलं तर इमर्शनचं, टाकीतल्या हीटरचं, बटण चालू, दिवा लाल. म्हणजे पाणी तापलं होतं आणि संपलंही होतं. बाबा असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. या देशातली एकच गोष्ट त्यांनी आयरिश लोकांपेक्षा कडक पाळली: इमर्शन कोणी चालू ठेवलं याचा तपास. सिंकजवळ पुसायचं फडकं वाळत होतं, त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग. मी थंड पाण्याने तोंड धुऊन बाहेर आले. खोकी बांधून दाराशी ठेवलेली होती.

डेक्लन आला तो शिट्टी वाजवत.

"कशी आहेस, योगी? आई ग्रँड?"

"ग्रँड. खोकी नेण्याआधी जरा उघडते. चालेल ना?"

"तुझी खोकी. मला कशाला विचारतेस?"

मी मुद्दाम त्याच्यासमोर, त्याच्या गाडीच्या बॉनेटवर खोकं ठेवलं. आतली अंडी त्याने बघावीत, मी त्यांवर खूण केली आहे हे त्याला कळावं, एवढाच हेतू होता. चिकटपट्टी फाडली. झाकण उचललं.

अंडी दुधाळ चहाच्या रंगाची होती. कुठे कुठे गडद ओघळ राहिले होते. एकावर माझ्या पांढऱ्या रेघेचा पुसट तुकडा दिसत होता.

डेक्लनने अजून हातही लावलेला नव्हता.

तो माझ्याकडे बघत होता, अंड्यांकडे नाही. "मला वाटलं तुला माहीत असेल," तो म्हणाला.

"काय?"

"गेल्या महिन्यात एक खोकं सीटवर मावेना म्हणून मांडीवर घेतलं. गरम होतं. फेब्रुवारीत, ओव्हनमधून काढलेल्या पावासारखं. मरानचा रंग वरवरचा असतो, गरम पाण्यात घालून पुसलं की सुटतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या आईचं किचन. युअर मॅन, तुझे बाबा, जाऊन महिने किती झालेत? मी कोण विचारणारा?" मग त्याने डोकं खाजवलं. "आणि भाव उतरला असता तर माझं काय वाईट होणार होतं?"

तो हसला. हसण्यावारी बोलत होता की खरं, ते मला आजही सांगता येणार नाही.

खोकी न घेताच तो गेला. आई दारात उभी होती. हातात बाबांचे बागेतले रबरी हातमोजे होते. म्हणजे अंडी ओट्यावर आणली होती, पण हात लावला नव्हता.

"ते चहाचे डाग नव्हते," मी म्हणाले.

"नाही."

"उकडलीस अंडी?"

"उकडली असती तर फोडल्यावर कळलं असतं लोकांना. नळाचं कडकडीत पाणी. बदलत राहायचं तासभर."

तिने नीट विचार करून केलं होतं. मी खुर्चीत बसले.

"का, आई?"

"तुला माहितीय ना, निम्मे नर निघतात ते? कुणाला नको असतात. पिसाचा रंग चुकला, तुरा चुकला, तेही नको. हे शेडचं दार लावून घ्यायचे आणि मी इथे मिक्सर लावायचे, ऐकू येऊ नये म्हणून. किती चटण्या वाटल्या असतील मी." ती मोजे उलटे करून झटकत होती. "वारले त्या दिवशीही शेडमध्ये त्याच कामाला गेले होते."

"तू मला सांगितलंस, दाणे टाकायला गेले होते."

"दाणेही टाकायचे होते."

बाहेर एक कोंबडा आरवला. मिक्सरचा आवाज मला आठवला. मी सुट्टीला आले की घरात रोज ताजी चटणी असायची. मला वाटायचं, माझ्यासाठी.

"वर्षश्राद्ध होईपर्यंत ह्यांच्या नावावर एकही जीव जायला नको," आई म्हणाली. "इथे नाही आणि ती अंडी नेऊन उबवतात त्यांच्याकडेही नाही. पुढचं पुढे."

"आणि त्यांचं नाव खराब होतंय ते?"

"कोंबड्यांच्या लोकांत होतंय. मी वरचं बघतेय."

मी पुष्कळ वाचते, पण हिशोबाची ही बाजू मला कुठे भेटली नव्हती.

"मग नर वेगळे करू या," मी शेवटी म्हणाले. "कोंबड्या एकीकडे, कोंबडे एकीकडे. अंड्यात जीव धरणारच नाही. शनिवारच्या बाजारात खायला विकू."

"आणि कोंबडे? डेक्लनला दिलेस तर तो कापेल."

"बाबांच्या शेडमध्ये. कोंबड्या दिसल्या नाहीत तर ते फारसे भांडत नाहीत."

तिने मान डोलावली, पण माझ्याकडे बघितलं नाही. दुपारी आम्ही दोघींनी जाळी ओढली आणि एकेक कोंबडा काखेत धरून शेडमध्ये नेला. आईने मोजे घातले नव्हते.

डेक्लनला मी नकार कळवला. "पुढच्या वर्षी विचार," असं लिहिलं. त्याने फक्त अंगठा पाठवला. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, चूक आमची, पैसे परत करते, ग्रुपवरही मीच लिहिते. या वसंतात उबवायची अंडी नाहीत.

"रोग वगैरे आलाय का?"

"नाही. सुतक आहे."

"योगिनी, सुतक तेरा दिवसांचं असतं."

"आमच्याकडे वर्षाचं आहे."

"बरं," ते म्हणाले. मग आईचं नाव घेत हळूच, "प्रभावहिनींना नमस्कार सांग." त्यांना किती कळलं याचा मी आता अंदाज करत बसते.

बुधवारी आईचा फोन आला. जेवलीस का, थंडी आहे का, झाल्यावर तिने सहज विचारलं, "नर वेगळे केले तरी आधीच्यामुळे किती दिवस जीव धरतो गं अंड्यात?"

"दोन-तीन आठवडे. पण आता ती खायलाच जाणार आहेत ना, आई. कोण उबवतंय?"

"कुणी काही करेल," ती म्हणाली. "सगळेच काही सांगून करत नाहीत."

पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा ती मागे तारेवर कपडे घालत होती. बाजारासाठी खोकी तयार होती. मी ती उघडली नाहीत. टॉवेल घ्यायला हॉट प्रेस उघडला. इमर्शनचा दिवा त्या सोमवारसारखाच लाल होता.

मी टॉवेल घेतला, बटणाला हात न लावता दार पूर्ववत लावून घेतलं, आणि आंघोळ संध्याकाळवर ढकलली.