चौदावा दिवस

दुधी भोपळ्याच्या अकराही बिया मेल्या. तसं तिनं तक्त्यात लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं ओल्या कागदाची गुंडाळी परत उबदार कपाटात उभी करून ठेवली. तक्ता खणात गेला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं रोज एक पान फाडायचं काम तिचंच होतं. ते तिनं दुसऱ्या दिवशी फाडलं नाही.

बियाणं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेचा नियम साधा होता. बी ओल्या कागदात गुंडाळायची आणि चौदा दिवस वाट बघायची. तोवर मोड आला नाही तर बी मृत. पंधराव्या दिवशी मोड आलाच, तर तो बीचा आगाऊपणा. नऊ वर्षं तिनं हा नियम डोळे मिटून पाळला होता.

या अकरा मात्र तिच्या आईच्या होत्या, आणि आई जाऊन सहा वर्षं झाली होती. वडील जन्मभर जमिनी मोजणारे. साऱ्या जगाच्या हद्दी त्यांनी आखून दिल्या आणि घरचा वेल दरवर्षी शेजाऱ्याच्या छपरावर जाऊन फळला. शेजारी तक्रार घेऊन आला की आई शांतपणे नवऱ्याकडं बोट दाखवायची, मोजणी खातं यांच्याकडं आहे म्हणायची. तिच्यामागं वेल कुणी लावलाच नाही. गेल्या महिन्यात शिलाई मशीनच्या खणात बियांची पुरचुंडी सापडली, तेव्हा वडिलांनी ती रीतसर प्रयोगशाळेत जमा करून पावती घेतली. मुलीकडूनच.

रोज दुपारी ते येऊन कपाटासमोरच्या स्टुलावर बसत. एकदा त्यांनी विचारलं, आतल्या अंधारात मुळाला खाली कुठं ते कळतं कसं. तिनं सांगितलं, मुळाच्या टोकाशी पिठाचे बारीक कण असतात, ते तळाला बसतात. जिकडं बसले तिकडं खाली.

वडिलांनी चिमटीत दोरी धरल्यासारखा हात हवेत उभा धरला, खाली वजन लोंबत असल्यासारखा.

"म्हणजे आत ओळंबा आहे."

"हो."

"तरीच. तुझी आई म्हणायची, वेलाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

कॅलेंडरचं पान फाडलं नाही त्या दिवशी साहेब डोकावले. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, स्टुलावरच्या म्हाताऱ्याकडं पाहिलं.

"आज चौदावाच का?"

"हो, साहेब."

साहेब महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांनी मनाशी काही हिशेब केला, चालू द्या म्हणाले आणि दुसरं स्टूल ओढून बसले.

त्या खोलीत चौदावा दिवस आणखी नऊ दिवस चालला. बाहेर लोक पंधरावा, सोळावा करत पुढं निघून गेले. आत कपाट गुणगुणत होतं, ओल्या कागदाचा वास पापण्यांवर बसत होता. दोघं म्हातारे स्टुलांवर पेंगत, आणि तिला अर्धवट जाग्या डोळ्यांनी दिसे, की कपाटाच्या फटीतून वेलाचा एक हिरवा तणावा निघालाय, हवेत चाचपडतोय. साहेबांनी झोपेतच करंगळी पुढं केलीय आणि तो सावकाश त्या बोटाला वेढे घालतोय.

नवव्या दुपारी तिनं गुंडाळी उलगडली. बिया बोटाखाली दबल्या, नुसतं पाणी निघालं.

"अकराही?" वडिलांनी विचारलं.

"अकराही."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बसचं घडी घातलेलं तिकीट काढलं. आत एक बी होती.

"ही मोजायला दिली नव्हती."

"का?"

"एखादी न मोजलेली असावी म्हटलं."

साहेब छताकडं पाहू लागले. तिला ठाऊक होतं, कोरडी बीसुद्धा श्वास घेते. हळूहळू आपलीच शिदोरी खात राहते.

"बाबा, खिशातही ती म्हातारीच होतेय."

"मग मी काय करतोय?" ते म्हणाले. मग तिकीट त्यांनी तिच्यापुढं धरलं. हात जरा मागं गेला, पुन्हा पुढं आला.

तिनं नवा कागद भिजवला आणि बी टोक खाली करून ठेवली. कॅलेंडरची नऊ पानं एकदम फाडली. खणातला तक्ता काढून फाइलला लावला, आणि त्याच्यामागं एक अर्ज. साहेबांनी तो दोनदा वाचला, हे आपल्या अधिकारात नाही म्हणाले आणि 'शिफारस' असं लिहून वर पाठवला:

"तरी सदर बीस आजपासून पहिला दिवस मंजूर व्हावा, आणि तिचा चौदावा दिवस पुढील आदेश होईपर्यंत उजाडू देऊ नये, ही नम्र विनंती."