डाव्या बुटातला बोळा

बुटांच्या दुकानात मला सगळे अंगठामास्तर म्हणतात. गिऱ्हाइकाने बूट घातला की मी गुडघ्यावर बसून त्याचं टोक अंगठ्याने दाबतो. पायाची बोटं आणि बूट यांच्यात अंगठाभर जागा सापडली नाही, तर तो जोड मी विकत नाही. मालकांनी कितीही डोळे वटारले तरी. डोंगर उतरताना पाय पुढे सरकतो. जागा नसली की नखं काळी पडतात आणि लोक डोंगराला शिव्या देतात. शहाणे रंग बघून बूट घेतात आणि आठवड्याने लंगडत माझ्याकडेच येतात. तेव्हा मला जरा बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू.

माझी थोरली बहीण, ताई, चाळिशीत डोंगरात पळायला लागली. आता चौपन्नची आहे, आणि नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. तिचे बूट मीच निवडतो. पूर्वी ती दुकानात आली की माझी दुपार गेलीच. इथे घासतंय, तिथे चावतंय, लेस रुततेय. आठ खोकी उघडायला लावून शेवटी पहिलाच जोड घ्यायची. गेल्या वर्षभरात मात्र देईन तो बूट तिला पहिल्या फटक्यात बसत होता. "मस्त आहे रे, एकदम मऊ," म्हणायची. मी मालकांना सांगितलंसुद्धा, आता कुठे माझा हात बसला. बावीस वर्षांनी का होईना.

बुधवारी ती रविवारच्या शर्यतीसाठी बूट घ्यायला आली. दुपारीच आली, कारण दुपारी पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप तेव्हाच कळतं, हे मीच तिच्या डोक्यात भरवलेलं. वाट ओल्या खडकांची होती. मी मऊ रबराचा, तळाला खोल दाते असलेला जोड काढला. उजव्या बुटातला कागदाचा बोळा काढतोय तेवढ्यात मालकांनी हाक मारली. परत आलो आणि डावा बूट तसाच तिच्या पायात चढवला.

दुकानात आमचा एक लाकडी उतार आहे, त्यावर दगड चिकटवलेत. ताई दहा मिनिटं त्यावरून चढली, उतरली, धावली. मी टोकं दाबून पाहिली. डावं जरा कडक लागलं. नवा आहे, म्हटलं, सैल होईल.

"कुठे लागतंय का?"

"छे! हाच बांधून दे."

खोक्यात भरताना डाव्या बुटात हात गेला आणि तो बोळा बाहेर आला. मूठभर कागद, दाबून दाबून लाकडासारखा झालेला. आधी मला हसू फुटलं. मग मी तिच्या पायाकडे पाहिलं. मोज्याच्या टोकाला रक्त होतं. मी मोजा ओढून काढला. अंगठ्याचं नख मुळापासून उचललं गेलं होतं आणि ताई मोबाइलवर शर्यतीचा नकाशा बघत बसली होती.

"ताई, तुला हे कळलं नाही?"

तिने खाली पाहिलं. "हळू बोल."

"कधीपासून?"

"झालं वर्ष. आधी बोटं बधिर झाली. आता घोट्यापर्यंत काही कळत नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सपाटीवर चाला म्हणाले. दगडात पळायचं नाही. जखम झालेली कळणार नाही, चिघळली तर पाय काढावा लागेल." ती दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होती. "ऐकून घेतलं मी सगळं."

बहिणीचा पाय वर्षभर बधिर होत होता आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

"मी बूट देणार नाही," मी म्हणालो.

"मग जुने घालून पळेन. तळ पार गुळगुळीत झालाय त्यांचा." ती धमकी देत नव्हती, हेच वाईट होतं. "अरे, घरात उठल्यापासून सगळ्यांच्या हाका. वर डोंगरात कुणी मला हाक मारत नाही. तेवढं एक माझं आहे. आणि ह्यांना सांगशील तर याद राख."

अर्धा तास भांडलो. शेवटी ठरलं ते एवढंच: अर्ध्या वाटेवर, खिंडीत पाणी देतात तिथे मी उभं राहायचं, तिने थांबायचं, बूट काढायचे, मी पाय बघायचे. नवी जखम किंवा रक्त दिसलं तर तिथूनच घरी. तिने माझ्या गळ्याची शपथ घेतली. मग मी स्वतःच्या हातांनी टाच हलणार नाही अशी लेस ओवून दिली. दुसरं काय करणार होतो?

रविवारी मी पट्ट्या, औषध, स्वच्छ मोजे घेऊन खिंडीत उभा होतो. पायात दुकानातले रोजचे चकचकीत बूट. लोकांना आयुष्यभर न घसरणारे बूट विकले आणि स्वतःसाठी तेवढी अक्कल चालली नाही. दीड तासाने ताई वळणावर दिसली. चेहरा लालबुंद, दम चांगला. डाव्या मोज्यावर, बुटाच्या काठाशी, तळहाताएवढा लाल डाग होता.

"ताई, थांब! डावा पाय बघ!"

तिने माझ्याकडे पाहिलं. अगदी डोळ्यांत डोळे घालून. खेळातून घरी बोलावलं की लहान मूल बघतं, तसं. आणि ती थांबली नाही.

मी मागे धावलो. पहिल्याच ओल्या खडकावर दोन्ही पाय वर गेले आणि मी चिखलात आपटलो. पाणी देणाऱ्या दोघांनी मला बखोटीला धरून उठवलं. "काका, सांभाळून," त्यातला एक म्हणाला, "त्यांना अडवू नका, छान पळतायत त्या."

खाली उतार सुरू होत होता. बाकीचे घसरत होते, बसत होते, हातांनी दगड चाचपत होते. ताईचा पाय एकदाही घसरला नाही. बूट मी अगदी बरोबर निवडले होते.