माजी कर्मचाऱ्यांसाठी जेवण

माणसाच्या श्रमांची आठवण ठेवणं हे प्रत्येक उद्योगाचं पहिलं कर्तव्य आहे.

हे वाक्य शशिकांत देवधरने इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या ऑफिसात चहा पिता पिता लिहिलं, आणि जर्मनीतल्या हेड ऑफिसने ते त्याच दिवशी मंजूर केलं. ज्या वाक्याने कुणाचं काही बिघडत नाही ते लवकर मंजूर होतं. साल १९८९. बॉयलरचे थर्मोस्टॅट बनवणाऱ्या राइनहोल्म कंपनीला शंभर वर्षं होत होती, म्हणून माजी कर्मचाऱ्यांना जेवण द्यायचं ठरलं. स्थानिक पेपरातल्या जाहिरातीचं काम पब्लिसिटीचा प्रमुख म्हणून शशिकांतकडे आलं.

इंग्रज माणसाने लिहिलं असतं, 'पेन्शनरांनी ऑफिसशी संपर्क साधावा.' शशिकांत पुण्याचा. निमंत्रण म्हटलं की त्याच्या हातून लग्नपत्रिकाच उतरायची. त्याने लिहिलं, 'जगात कुठेही, कधीही, कितीही काळ ज्यांनी राइनहोल्ममध्ये काम केलं, त्या प्रत्येकाने सहकुटुंब यावं. हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं.'

पुढच्याच आठवड्यात मिसेस मार्गित सांतो रिसेप्शनला येऊन बसल्या. साठी ओलांडलेल्या, नीटनेटक्या, मूळच्या हंगेरीच्या. शशिकांत त्यांना आपल्या केबिनमध्ये घेऊन आला.

"मी तुमच्याकडे काम केलंय," त्या म्हणाल्या. "जेवणाला येणार आहे."

"अवश्य. कोणत्या ब्रँचला होतात?"

"जर्मनीत. चव्वेचाळीस साली. तोफगोळ्यांचे फ्यूज जुळवायचे."

थर्मोस्टॅटच्या कंपनीत हे कुठून आलं ते शशिकांतला कळेना. "तिथे लागलात कशा तुम्ही?"

"आउश्वित्झच्या छळछावणीत तुमचा इंजिनिअर आला होता, कामाच्या बायका निवडायला. त्याने हात बघितले. माझे पसंत पडले." त्यांनी पर्स मांडीवर सरळ केली. "तुम्ही सहकुटुंब लिहिलंय, पण मी एकटीच येईन. आई आणि बहीण पसंत पडल्या नाहीत."

शशिकांतने चहा ओतला. "साखर?"

"दोन चमचे. तेव्हा तुमच्याकडे मिळत नव्हती."

मग त्यांनी मुद्दा सांगितला. जेवण त्या घरीही करत होत्या. त्यांना हवा होता तो कोटाला लावायचा बिल्ला, प्रत्येक माजी कर्मचाऱ्याला मिळणारा. त्यावर नाव, विभाग आणि वर्षं.

"मी इतकी वर्षं त्यांना पत्रं लिहितेय. ते कळवतात, या नावाचं इथे कुणी नव्हतं. मला कंपनीने छापलेलं हवंय, की होतं."

कंपनीचे वकील मिस्टर प्रॉक्टर लंडनहून ट्रेनने आले. जाहिरात दोनदा वाचून त्यांनी चष्मा पुसला.

"त्या आपल्या कर्मचारी नव्हत्या. मनुष्यबळ बाहेरच्या एका संस्थेने पुरवलं होतं."

"कोणत्या?"

"एस. एस.," प्रॉक्टर म्हणाले, केटररचं नाव सांगावं तसं. "रोजचं भाडं हिटलरच्या त्या संस्थेला वेळच्या वेळी पोचत होतं. कर्मचारी तो, ज्याला पगार मिळतो. या बाईंना मिळाला?"

"नाही."

"झालं तर मग."

"म्हणजे पगार दिला नाही, म्हणून नोकरी नव्हती."

"कायद्याच्या भाषेत असं म्हणत नाहीत," प्रॉक्टर म्हणाले. बाईंनी हवं तर यावं, पण 'पाहुणे' असा बिल्ला लावून, असं त्यांनी हेड ऑफिसच्या वतीने सांगितलं आणि परतीची ट्रेन पकडली.

शशिकांतने हे घरी सांगितलं तेव्हा त्याची बायको, डॉक्टर वैजयंती, हॉस्पिटलातून येऊन भात लावत होती.

"अख्ख्या जगाला बोलावणं करायला तुला कुणी सांगितलं होतं, शशी? तुझ्या मावशीच्या मुंजीतसुद्धा इतके लोक नव्हते."

"मावशीची मुंज नव्हती. मावसभावाची."

"तेच ते. बिल्ले कोण छापून घेतंय? प्रॉक्टर?"

"मी."

"मग मला कशाला विचारतोयस? कोथिंबीर निवड."

जेवणाच्या दिवशी मिसेस सांतो यांच्या कोटावर छापील बिल्ला होता: 'मार्गित सांतो, फ्यूज विभाग, १९४४–४५.' त्यांनी तो आरशासमोर जाऊन लावला, जरा तिरका वाटला म्हणून काढून पुन्हा लावला. प्रॉक्टरांचं लक्ष गेलं तोवर सूप वाढलं होतं, आणि सूप समोर असताना बिल्ला काढायला लावणं इंग्लंडच्या रीतीत बसत नाही.

जर्मनीहून आलेले डायरेक्टर लिंडेमान टेबलाटेबलावर जाऊन बिल्ले मोठ्याने वाचत होते. प्रत्येकाच्या विभागाबद्दल एक गोड वाक्य बोलायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. ते मिसेस सांतोंपाशी आले, वाकले.

"फ्यूज विभाग," त्यांनी वाचलं, आणि हसऱ्या तोंडाने म्हणाले, "तो विभाग आम्ही केव्हाच बंद केला, मॅडम."

प्रॉक्टरांनी काटा खाली ठेवला.

"बंद अमेरिकन रणगाड्यांनी केला," मिसेस सांतो शांतपणे म्हणाल्या. "पण विभाग तुमचाच होता ना?"

"अर्थात," लिंडेमान सवयीने म्हणाले, आणि मग त्यांनी वर्षं वाचली. ती मात्र त्यांनी मनातल्या मनात वाचली.

सगळ्या टेबलाने ऐकलं होतं. मिसेस सांतोंनी शशिकांतकडे पाहून मान हलवली आणि पुडिंग दोनदा घेतलं.

सोमवारी प्रॉक्टरांनी कळवलं की जेवताना बोललेलं कंपनीवर बंधनकारक नसतं.