मुशीसाठी केलेला गळ

माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. रामकुंडावर गेला तरी पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घेणारा माणूस. अशा माणसाला समुद्राच्या काठावर उभं राहून शार्क पकडायचं खूळ लागलं, तेव्हा मी म्हटलं, जाईल चार दिवसांत. याआधी कबुतरांचं गेलं, ड्रोनचं गेलं, घरी चीज बनवायचंही गेलं. हे नाही गेलं.

महेशला मी नावानेच हाक मारते, सासूबाईंना ते अजून खपत नाही. सातपूरला त्याचं आणि मुबीनभाईंचं भागीदारीत वर्कशॉप आहे. द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्या बनवतात. घडवायचं काम महेशचं, पाणी द्यायचं मुबीनभाईंचं. पाणी देणं म्हणजे पोलाद भट्टीत लाल करून तेलात बुडवायचं, मग पुन्हा बेताने तापवायचं, की ते कडक तर होतं पण काचेसारखं फुटत नाही. दिंडोरी-निफाडकडचे बागायतदार दुकानात जाऊन कंपनी विचारत नाहीत, "मुबीनच्या पाण्याची कात्री द्या" म्हणतात.

भट्टीतून माल निघाला की यांचा एक ठरलेला प्रकार असायचा. मुबीनभाई एक कात्री उचलून तिच्यावर कानस ओढायचे. कानस पोलाद खाऊ शकली नाही, नुसती सर्रकन घसरली, की पाणी बसलं. मग दोघं एकमेकांना टाळी द्यायचे. आयटीआयपासूनची सवय. चाळिशीतले दोन बाप्ये आणि शाळकरी पोरांसारखी खणखणीत टाळी. मला त्या टाळीचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या स्वयंपाकाला कधी कुणी टाळी दिली नाही.

शार्कचे व्हिडिओ आधी महेशच्या मोबाइलवर होते, मग आमच्या टीव्हीवर आले. कुणीतरी गोरा वाळूत उभा राहून काठी वाकवतोय, लाटेतून काळी पाठ वर येतेय, मासा काठाला आणून फोटो काढतोय आणि परत सोडून देतोय. खायचाही नाही म्हणे. एका रविवारी मुबीनभाई आणि त्यांची बायको झेबा आमच्याकडे जेवायला होते, तेव्हाही तेच लावलं होतं. झेबा शाळेत इंग्रजी शिकवते. तिने सहज सांगितलं, "तो म्हणतोय, गळ साध्या नरम लोखंडाचा घ्या. वेळ आली तर कटरने कापता आला पाहिजे. आणि माशाच्या तोंडात राहिलाच तर गंजून पडून गेला पाहिजे."

"कापता येणारा गळ?" महेश हसत सुटला. "म्हणजे बसणारा जाड असेल तर खुर्ची मोडकी बनवा!"

"भाभी, आपल्या वर्कशॉपमधून असला माल निघतच नाही," मुबीनभाई मला म्हणाले आणि त्यांनी महेशपुढे हात केला. टाळी. झेबा पुढ्यातला रस्सा ढवळत राहिली.

बाजारातला गळ त्यांनी आणून बघितला. वर्कशॉपमागच्या मोकळ्या प्लॉटवर एक टोक खांबाला बांधलं, दुसरं मोटारसायकलला, आणि गाडी पळवली. गळ सरळ होऊन खिळ्यासारखा झाला. झालं, यांना हेच हवं होतं. पंधरवडाभर कात्र्यांची कामं मागे टाकून दोघं गळ घडवत बसले. वीतभर लांबीचा, बोटभर जाड, टोकाला उलटा काटा. एक चुकला तर दुसरा लागावा म्हणून जोडगळ केला, पुढच्या गळाच्या बाकात मागच्याचं नेढं ओवून पक्कं बंद केलेलं. मग मुबीनभाईंनी त्याला पाणी दिलं. मोटारसायकलचा दोर तुटला, पण गळ केसभर उघडला नाही. कानस तर त्याच्यावरून बर्फावरून घसरावी तशी घसरली. महेशने मला फोन करून तो आवाज ऐकवला. मी म्हटलं, येताना कोथिंबीर आण.

थंडीतल्या एका रविवारी पहाटे निघून जव्हारमार्गे आम्ही डहाणूकडच्या किनाऱ्यावर गेलो. बायकांना समुद्र दाखवायला नेतोय, असं वरचं कारण. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. किनाऱ्यावर पुतळाबाई नावाची एक म्हातारी बोंबील वाळत घालत होती. महेशने तिच्याकडून आमिषाला मासे घेतले आणि मोठ्या ऐटीत सांगितलं की मुशी धरायला आलोय. तिकडे शार्कला मुशी म्हणतात.

"मुशी आमची माणसं होडीत बसून जाळ्यात धरतात," ती म्हणाली. "हितून धरून काय करनार?"

"फोटो काढून सोडून देणार."

म्हाताऱ्या बाईने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे आणि झेबाकडे बघितलं. घरात वेडा माणूस असलेल्या बायकांकडे बघतात तसं.

दुपारभर काही लागलं नाही. दोघं उन्हाने रापले, दशम्या वाळूसकट खाल्ल्या. झेबा आणि मी शिंपले वेचत लांबवर जाऊन आलो. मला वाटलं, बरं झालं, रिकाम्या हाताने परत जाऊ आणि हे खूळही उतरेल. सूर्य कलायला लागला आणि महेशची काठी एकदम वाकली. तो नाचायलाच लागला. बराच वेळ ओढाओढ चालली, आणि मग लाटेत खरोखरच एक करडी पाठ दिसली. माणसाएवढी मुशी. मला भीती वाटली आणि, खरं सांगते, अभिमानही वाटला.

मुबीनभाई मांडीभर पाण्यात उतरले. दोरीच्या टोकाला, गळाच्या अलीकडे, तारेचा तुकडा होता. तो धरून मासा काठाला आणायचा होता. ओली तार हातातून सुटत होती, म्हणून वर्कशॉपमध्ये केबल ओढताना घेतात तसा त्यांनी तिचा वेढा उजव्या हाताच्या बोटांना घेतला. तेवढ्यात मुशीने अंग पिळलं. मागचा गळ तिच्या जबड्यात होता. पुढचा, तारेकडचा, मोकळा लोंबत होता, तो मुबीनभाईंच्या तळहातातून आरपार गेला.

ते ओरडलेसुद्धा नाहीत. "महेश, मला लागलाय," एवढंच म्हणाले. मग मुशी समुद्राकडे वळली आणि ते छातीभर पाण्यात गेले. तेव्हा झेबा ओरडली. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

महेश काठी धरून मागे रेलला. त्याने ओढलं की तार मुबीनभाईंच्या बोटांत रुतायची, सैल सोडलं की मुशी त्यांना तळहाताने ओढून न्यायची. दोन्हीकडून मरण त्यांचंच. मी काठी धरायला गेले तर महेश ओरडला, "कटर! गळ काप, सुवर्णा, गळ काप!"

कटर त्यांनी आणला होता, दोन हातांनी दाबायचा मोठा. मी कमरेएवढ्या पाण्यात गेले. मुशीची शेपटी माझ्या पायांवर आपटत होती. दोन गळांच्या मधे कटर घातला आणि सगळं अंग टाकून दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. कटर बाहेर काढला तर त्याच्याच पात्याला खाच पडली होती. मुबीनभाई ती खाच बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण माझ्याआधी त्यांना कळलं होतं. "नाही कटणार, भाभी," ते म्हणाले. "मीच पाणी दिलंय."

झेबाच्या ओरडण्याने पुतळाबाईची माणसं धावत आली. त्यांनी काठी, तार, माणूस आणि मासा सगळं मिळून वाळूवर ओढलं. एकाने मुशीचं डोकं दगडाने ठेचलं आणि कोयत्याने जबडा कापून मागचा गळ सोडवला. तार मात्र त्याच कटरने सहज कापली गेली. तिच्याखाली दोन बोटं निळी पडली होती. तळहातातला गळ तसाच राहिला. एका बाजूला काटा, दुसऱ्या बाजूला बाकात नेढ्याने अडकलेला तो दुसरा गळ. ना पुढे सरकेना, ना मागे.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने त्याच्याकडची सगळी हत्यारं लावून बघितली, इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, नाशिकला न्या. घाटातल्या त्या रस्त्यावर झेबाने नवऱ्याचा हात ओढणीत गुंडाळून मांडीवर धरला होता. दुसरा गळ प्रत्येक खड्ड्याला तिच्या बांगड्यांवर वाजत होता. "मी सांगितलं होतं" असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला गाडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या मुस्काटात मारावीशी वाटत होती, आणि त्याच्या खांद्यांकडे बघून रडूही येत होतं.

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून स्पष्ट सांगितलं. हात चिरून गळ काढला तर आतल्या शिरा तुटतील आणि मूठ वळायची नाही. कुणी बाहेरचा काटा कापून दिला तर गळ आल्या वाटेने निघेल. पण हॉस्पिटलमध्ये असलं पोलाद कापणारं काही नव्हतं. महेश उठला, सातपूरला गेला आणि कात्र्यांसाठी ठेवलेला ग्राइंडर घेऊन आला.

ते पोलाद कापताना तापतं. तापलं की आतलं मांस भाजतं. म्हणून महेश थोडं कापायचा, थांबायचा, झेबा वरून पाणी ओतायची, मग पुन्हा. ठिणग्या ओल्या फडक्यावर विझत होत्या. मुबीनभाई तोंडात टॉवेल धरून एकटक त्या ठिणग्यांकडे बघत होते. शेवटी काटा टपकन ट्रेमध्ये पडला. गळ मागे निघाला. महेश बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "वाचला हात." मीही देवाला हात जोडले.

वाचला नव्हता. वेळ फार गेला होता. तारेने आवळलेली बोटं आधी काळी पडली, मग तळहातात विष चढलं. आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी मनगटापासून हात काढला, नाहीतर जीव गेला असता.

उन्हाळ्यात मुबीनभाई पहिल्यांदा वर्कशॉपला आले. मी डबा घेऊन गेले होते. महेशने भट्टीपाशी त्यांचं स्टूल पुसून ठेवलं होतं, उगाच इकडची वस्तू तिकडे करत होता. दोघं हवापाण्याचं बोलले, छाटणीचं बोलले. मग मुबीनभाई म्हणाले, "तो कुठाय?"

महेशने आधी ऐकलं नसल्यासारखं केलं. मग कपाटातून गळ काढून आणला. किती महिने दमट फडक्यात पडून होता, पण गंजाचा ठिपका नव्हता. मुबीनभाईंनी तो महेशकडून टेबलावरच्या व्हाइसच्या पकडीत आवळून घेतला आणि डाव्या हाताने कानस उचलली. नीट धरता येईना. दोनदा निसटली. तिसऱ्या वेळी त्यांनी ती पोलादावर ओढली, आणि तोच जुना आवाज आला, सर्रकन.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि देवा शप्पथ सांगते, त्या एका क्षणात दोघांच्याही चेहऱ्यावर तोच आनंद आला. एवढं होऊनही. मला त्या आनंदाचा इतका राग आला की हातातला डबा फेकून द्यावा.

मुबीनभाईंचा उजवा हात सवयीने टाळीसाठी वर आला. महेशचाही आला. मुबीनभाईंच्या बाहीच्या पुढे काही नव्हतं. त्यांनी बाहीकडे बघितलं आणि हळूच हात खाली घेतला. महेशला मात्र आपला हात खाली घ्यायचं सुचलं नाही. तो तसाच उभा राहिला, पंजा उघडा धरून.