मोजल्याशिवाय टाके नाहीत

मी टेबलाखालचा काळा डबा बोलतोय. मला संगणक म्हणणारं या घरात कुणी नाही. तो मान शाळेच्या पुस्तकातल्या माझ्या भाईबंदांचा. चालत असलो की मी कॉम्प्युटर आणि अडलो की डबा. मधली दोन वर्षं मी डबाच होतो. गेल्या महिन्यापासून पुन्हा कॉम्प्युटर झालो आहे. या वयात बढती कुणाला मिळत नाही, म्हणून ती कशी मिळाली ते सांगावंसं वाटलं.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. दातांत स्क्रू धरून बोलणाऱ्या एका माणसाने मला दीड तासात जोडलं. मदरबोर्ड एका खोक्यातला, पंखा दुसऱ्यातला आणि डिस्क तिसऱ्यातली, त्यामुळे माझं कुळ विचारू नका. "दहा वर्षं हात लावावा लागणार नाही," असं तो म्हणाला. तोंडात स्क्रू असल्यामुळे ते वचन धरता येत नाही, पण मी बारा वर्षं काढली.

मला आणलं ते मुलीच्या अभ्यासासाठी. तिने अभ्यासही केला, अधूनमधून. मग ती नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली आणि मी तिच्या आईवडिलांच्या वाट्याला आलो.

वडील पस्तीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. पत्र आलं की त्याच्या तीन प्रती, प्रत्येक प्रतीवर तारीख, आणि काम झालं की लाल पेनाने टिक. निवृत्त झाल्यावर हा खाक्या त्यांनी घरी आणला. वाण्याच्या यादीवरही लाल टिक असते. सगळे त्यांना रेकॉर्डसाहेब म्हणतात. आई चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. तिला अख्खी गल्ली अजून सिस्टर म्हणते. नवरासुद्धा, विशेषतः काही हवं असलं की.

माणसांच्या सवयी मी खालून पाहिल्या आहेत. रेकॉर्डसाहेब कुठलंही बटण तीनदा दाबतात, जणू मी ऐकायला कमी येणारा शिपाई आहे. काही सुचेनासं झालं की ते रिफ्रेश करतात. त्याने मला काडीचंही ताजंतवानं वाटत नाही. त्यांना मात्र फाईल टेबलाच्या डाव्या बाजूची उजव्या बाजूला ठेवल्यावर मिळतं तसं समाधान मिळतं.

सिस्टरचं तसं नव्हतं. ती रोज दुपारी दोन ते चार माझ्यासमोर बसून पुस्तक लिहायची. एकाच बोटाने. आधी अक्षराची जागा हेरायची, मग टोचायचं. नव्याने नर्स होणाऱ्या मुलींसाठी ते पुस्तक होतं. अभ्यासक्रमात नसलेल्या गोष्टींचं. आठ तास उभं राहायचं तर पाय कसे ठेवावेत. दाराबाहेर बसलेल्या आईला काय सांगावं आणि काय सांगू नये. मोठ्या सर्जनची चूक त्याला न दुखवता कशी सुधारावी. अशी एक्केचाळीस प्रकरणं, एक्केचाळीस फाईली, 'मुलींसाठी' नावाच्या फोल्डरमध्ये. नर्सिंग शाळेच्या मुख्याध्यापिकेने ते छापून नव्या तुकडीतल्या प्रत्येक मुलीला द्यायचं कबूल केलं होतं. आणि हे सगळं फक्त माझ्या पोटात होतं. कागदावर नाही, दुसरीकडे कुठेच नाही.

इकडे मी थकत चाललो होतो. माझी जुनी सिस्टीम रोज पडद्यावर सांगायची की नव्या आवृत्तीसाठी हे यंत्र लायक नाही. रोज, माझ्याच तोंडून! सुरू व्हायला मला अकरा मिनिटं लागत. सिस्टर मला चालू करून चहा करायची, पिऊन कप विसळून यायची, तरी मी डोळे चोळतच असायचो.

एका सोमवारी मुलीचा फोन आला. रेकॉर्डसाहेब फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे माझी शिक्षा मला थेट ऐकायला मिळाली.

"बाबा, मी रविवारी नवीन लॅपटॉप घेऊन येतेय. तो डबा भंगारवाल्याला देऊन टाका."

"असा कसा देऊन टाकू? चालू स्थितीतली वस्तू आहे."

"चालू? आई, हा चालतो?"

"चालतो गं," सिस्टर स्वयंपाकघरातून म्हणाली, "काठी टेकत."

रेकॉर्डसाहेब हेका सोडणारे नव्हेत. गुरुवारी वाचनालयात पुस्तक बदलायला गेले आणि ग्रंथपाल बाईंसमोर त्यांनी माझं गाऱ्हाणं मांडलं. बाई म्हणाल्या, "आमचा यादीचा कॉम्प्युटर तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी थोरला आहे. त्यावर जुन्या सिस्टीमच्या जागी लिनक्स घातलंय. फुकट मिळतं, हलकं असतं, जुन्या यंत्राला मानवतं. घरी करता येईल तुम्हाला." आणि त्यांनी पाच मुद्दे कागदावर लिहून दिले. एक: आपल्या कामाच्या फाईलींची प्रत घेणे. दोन: लिनक्स पेनड्राइव्हवर लिहिणे. तीन: पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करणे. चार: न बसवता चालवून पाहणे. पाच: बसवणे.

कागद मिळाल्यावर रेकॉर्डसाहेबांना हत्तीचं बळ आलं. त्यांनी त्याला भोक पाडलं, दोरी ओवली, फाईल केली आणि वर लिहिलं, 'विषय: डबा'.

शनिवारी सकाळी सिस्टर शेजारच्या आजींची मलमपट्टी करायला गेली आणि इकडे मोहीम सुरू झाली. घरात पेनड्राइव्ह एकच. साहेबांनी त्यावर 'मुलींसाठी' फोल्डरची प्रत घेतली. मुद्दा एक, लाल टिक, तारीख, वेळ, सही. मग इंटरनेटवरून उतरवलेली लिनक्सची भलीमोठी फाईल त्याच पेनड्राइव्हवर ठेवली. एकदा ठेवून समाधान होईना, म्हणून तीनदा ठेवली. मला बंद करून पुन्हा चालू केलं. मी नेहमीसारखा अकरा मिनिटांनी जुन्याच सिस्टीममध्ये जागा झालो.

ग्रंथपाल बाईंना फोन गेला.

"अहो साहेब, ती फाईल नुसती ठेवायची नसते. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम येतो, त्याने ती पेनड्राइव्हवर लिहायची."

"मी तीन प्रती ठेवल्या."

"तीस ठेवल्यात तरी नाही चालायचं."

साहेबांनी प्रोग्राम उतरवून घेतला. लिहायला सुरुवात करण्याआधी त्या प्रोग्रामने स्वच्छ विचारलं: या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? पण रेकॉर्डसाहेबांचं जग कागदावरचं. बाईंच्या पाच मुद्द्यांत हा प्रश्न नव्हता, म्हणजे तो महत्त्वाचा नव्हता. त्यांनी 'हो' दाबलं. तीनदा.

एक्केचाळीस प्रकरणांची ती प्रत माझ्याच हातांनी पुसली गेली. हुकमाच्या ताबेदाराला मत नसतं, आणि असलं तरी तोंड नसतं. आता ती प्रकरणं पुन्हा फक्त माझ्या डिस्कमध्ये उरली होती, आणि मुद्दा एकवर लाल टिक झळकत होती.

तेवढ्यात सिस्टर आली. मुद्दा तीनवर गाडी अडली होती. मला चालू करताक्षणी एक ठरावीक बटण दाबायचं होतं, आणि साहेब चष्मा लावून ते शोधेपर्यंत क्षण निघून जात होता. "सरका," ती म्हणाली. एक हात माझ्या पाठीवर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने तिने ते बटण नाडीच्या ठोक्यासारखं टक-टक-टक दाबलं. पहिल्याच खेपेला दार उघडलं.

आणि मी लिनक्समध्ये जागा झालो! अजून बसवलेलं नव्हतं, सगळं पेनड्राइव्हवरून चालत होतं. जणू दुसऱ्याचा सदरा घालून पाहत होतो. पण काय बसला होता! खिडक्या हलक्या हाताने उघडत होत्या. पंख्याची घरघर थांबली. साहेबांनी गाणं लावलं तर आवाज नाही. ते मला एक थापट मारणार इतक्यात सिस्टरने खालच्या कोपऱ्यातलं चित्र दाबलं. आवाज मॉनिटरकडे जात होता आणि त्या बिचाऱ्याला स्पीकरच नाही. स्पीकर निवडला आणि गाणं लागलं. माझ्या वाय-फायच्या ठोकळ्यातून इंटरनेट मिळेना, तर मोबाईल तारेने मला जोडला आणि तेही मिळालं. मुद्दा चार, टिक.

मुद्दा पाच. पडद्यावर पर्याय होता: संपूर्ण डिस्क पुसून लिनक्स बसवा. साहेबांनी तो निवडला. नाव भरलं, पासवर्ड भरला, पासवर्डची नोंद फाईलला लावली. आता एकच बटण उरलं. माऊसवर बोट ठेवून ते ऐटीत वळले.

"काय सिस्टर, दाबू?"

मी जिवाच्या आकांताने पंखा फिरवला. "बघ, यालाही घाई झालीय," साहेब म्हणाले.

"थांबा. मोजणी कुठाय?"

"कसली मोजणी?"

"पोट शिवायच्या आधी रक्त टिपायचे गॉजचे बोळे मोजतात. आत किती गेले, बाहेर किती आले. आकडा जुळल्याशिवाय मी भल्याभल्या सर्जनच्या हातात सुई दिली नाही. तुम्ही कोण लागून गेलात?"

"अगं, मुद्दा एक. प्रत घेतली. ही बघ टिक, ही तारीख, ही सही."

"सही सुरेख आहे. प्रकरणं दाखवा."

साहेबांनी सुस्कारा टाकून पेनड्राइव्ह उघडला. आत लिनक्सच्या फाईली होत्या. त्यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, सवयीने रिफ्रेश केलं. 'मुलींसाठी' नव्हतं.

"इथेच ठेवलं होतं," ते म्हणाले. मग त्यांचं बोलणं मंदावलं. "मग त्याच्यावर मी ते… लिहिलं. त्याने विचारलं होतं. पुसू का म्हणून विचारलं होतं त्याने."

"आधी माऊसवरचा हात काढा."

त्यांनी हात असा काढला, जणू माऊस तापला होता.

"सिस्टर, पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक चिठ्ठी हरवली नाही. आणि तुझं पुस्तक…"

ती ओरडली नाही. चौतीस वर्षं थिएटरमध्ये काढलेली बाई ओरडत नाही. ती फक्त हळू बोलते, आणि समोरच्याला घाम फुटतो.

"शेवटचं बटण दाबलंय का?"

"नाही."

"मग पेशंट जिवंत आहे. बाजूला व्हा."

तिने बसवण्याची खिडकी बंद केली, माझी जुनी डिस्क उघडली आणि एका बोटाने एकेक फोल्डर उघडत आत आली. मी श्वास रोखून, म्हणजे पंखा मंद करून बसलो होतो. 'मुलींसाठी'. एक, दोन, तीन… ती मोठ्याने मोजत होती आणि रेकॉर्डसाहेब शाळेतल्या मुलासारखे तिच्यामागून आकडे म्हणत होते. एक्केचाळीस.

 साहेबांनी पायांत चपला सरकवल्या आणि ते न सांगता बाहेर पडले. वीस मिनिटांनी धापा टाकत आले ते तीन नवे पेनड्राइव्ह घेऊन.

"तीन कशाला?"

"मूळ प्रत, कार्यालयीन प्रत, आणि एक वाचनालयात बाईंकडे."

सिस्टर हसली. बारा वर्षांत मी तिला इतकं हसताना ऐकलं नव्हतं. "आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या तीन प्रती कामाला आल्या हो!"

तिन्हींवर प्रती घेतल्या, तिन्ही उघडून मोजल्या. एक्केचाळीस, एक्केचाळीस, एक्केचाळीस. मग सिस्टरने बसवण्याची खिडकी पुन्हा उघडली आणि स्वतः माऊस त्यांच्या हातात दिला. "घ्या सुई."

साहेबांनी बटण दाबलं. एकदाच.

डिस्क पुसली जाताना कसं वाटलं म्हणाल, तर अंघोळीसारखं. बारा वर्षांचा गाळ निघून गेला. उठलो तेव्हा चाळीस सेकंदांत पडदा उजळला होता. सिस्टर चहाला निघाली होती, ती दारातूनच परतली. "हे काय, आता मी चहा कधी करायचा?" मग तिने एका पेनड्राइव्हवरून एक्केचाळीसही प्रकरणं माझ्या पोटात परत ठेवली आणि मोजली.

रविवारी मुलगी लॅपटॉपचं खोकं घेऊन आली. तिच्यामागून भंगारवालाही आला. साहेबांनी त्याला एक मोडकी खुर्ची देऊन वाटेला लावलं. मुलगी माझ्यासमोर बसली, इकडेतिकडे पाहिलं, मला बंद करून चालू केलं, पुन्हा बंद करून चालू केलं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"आम्ही दोघांनी."

"अहो बाबा… माझाही एक जुना लॅपटॉप घरी पडलाय."

"अर्ज कर," रेकॉर्डसाहेब म्हणाले. "तीन प्रतींत."

नवा लॅपटॉप तिच्याबरोबर परत गेला. मी टेबलाखाली राहिलो. पाठीला जरा पोक आहे, वाय-फायचा ठोकळा अधूनमधून रुसतो, पण माझी तक्रार नाही. तुमच्याही टेबलाखाली एखादा डबा असेल तर त्याला काढून टाकण्याआधी एकदा त्याची नाडी बघा. आणि काहीही पुसण्याआधी मोजा. टिक बघू नका, मोजा.

सिस्टरचं पुस्तक पुढच्या आठवड्यात छपाईला जातंय. त्यात आता आणखी एक प्रकरण आहे, मोजणीचं. त्यातल्या सर्जनचं वर्णन वाचून रेकॉर्डसाहेब म्हणाले, "हा माणूस ओळखीचा वाटतो." पण त्यांनी प्रत्येक पानाखाली लाल टिक केली.

रोज चारच्या सुमाराला लिहून झालं की ती चष्मा काढते आणि फोल्डर उघडून मोठ्याने मोजते. शेजारी बसलेले साहेब मला बंद करायला माऊस हातात घेऊन वाट बघतात. मीही बघतो.

"बेचाळीस," ती म्हणते. "बरोबर आहे. घाला टाके."

आणि मी निश्चिंत मनाने डोळे मिटतो.