तासाभराचे मालक

लखनौत चिनहटच्या पुढे, हायवेपासून जरा आत, रॉयल चमन रेसिडेन्सी नावाची सोसायटी आहे. चमन म्हणावी अशी बाग कुठं दिसत नाही, आणि रॉयल म्हणावं असं पाणीही येत नाही. तिथला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट डॉ. उल्हास केळुस्करांनी संशोधन संस्थेत असताना गुंतवणूक म्हणून घेतला होता. शास्त्रज्ञ गुंतवणूकसुद्धा प्रयोगासारखी करतो. फरक इतकाच, की हा प्रयोग फसला तर पेपर छापून येत नाही.

निवृत्तीनंतर संस्थेचं क्वार्टर सुटलं, पण मालिनीबाईंचे गुडघे चौथा मजला चढेनात, आणि सोसायटीची लिफ्ट उल्हासरावांच्याही आधी निवृत्त झाली होती. तेव्हा दोघं अलीगंजात तळमजल्यावर भाड्यानं राहू लागली आणि स्वतःचा फ्लॅट त्यांनी भाड्यानं दिला. इतर मालकांनीही तेच केलं होतं. कुणी दुबईत होता, कुणी कानपुरात.

आता नाशिकला मालिनीबाईंच्या बहिणीच्या शेजारची तळमजल्याची जागा विकायला निघाली. केळुस्करांनी विसार देऊन टाकला. नाशिकचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता, त्यापुढं नाही. म्हणून भाडेकरू हलवून लखनौचा फ्लॅट विकायला काढला, आणि तेव्हापासून उल्हासरावांची झोप गेली.

गिऱ्हाइकं येत होती, पण टिकत नव्हती. एका शिक्षक जोडप्याला घर पसंत पडलं. जाता जाता त्यांनी गेटवरच्या गार्डला विचारलं, इथं स्वतः मालक असे कोण कोण राहतात? गार्डनं बराच विचार करून एकाचं नाव सांगितलं, आणि ते मागच्या थंडीत गेले हेही सांगितलं. जोडपं पुन्हा आलं नाही. दलाल म्हणाला, "डॉक्टर साहब, किराएदारों की सोसायटी में फॅमिली कौन लेगा?" हे वाक्य उल्हासरावांच्या डोक्यात रात्रंदिवस फिरत राहिलं.

तेवढ्यात मंजिरी दाभाडेचा फोन आला. नवरा एअरफोर्समध्ये, सध्या लखनौला. मराठी माणसाचा फ्लॅट आहे कळलं म्हणून फोन केला म्हणाली. बोलता बोलता तिनं विचारलं, काका, तिथं राहणारे बहुतेक कोण आहेत? उल्हासराव दलालाचं वाक्य आठवून घामाघूम झाले आणि म्हणाले, "सगळे मालकच. कुटुंबवाले."

फोन ठेवल्यावर मालिनीबाई म्हणाल्या, "मग आता मालक गोळा करा."

रविवारी ती बघायला येणार होती. शनिवारी उल्हासराव समोरच्या फ्लॅटमधल्या निगम साहेबांकडे गेले. निगम साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सारी नोकरी सरकारी क्वार्टरात गेली, निवृत्ती भाड्याच्या घरात चालली होती. उल्हासरावांनी चाचरत विनंती केली, की उद्या तासभर आपण मालक आहात असं सांगाल का? निगम साहेबांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. लखनौच्या माणसाला कुणी काही मागितलं, की का म्हणून विचारणं असभ्यपणाचं वाटतं. ते इतकंच म्हणाले, की आपके लिए इतना भी नहीं करेंगे?

रविवारी उल्हासराव वर पोचले तर समोरच्या दारावर डबल टेपनं 'निगम निवास' अशी पाटी चिकटवलेली. आत पडदे बदललेले, आणि निगमबाई रेशमी साडी नेसून उभ्या. आपण मागितलं त्यापेक्षा जास्त मिळालं, की शास्त्रज्ञाला भीती वाटते.

मालिनीबाई खाली गार्डच्या खुर्चीवर थांबल्या होत्या. मंजिरी एकटीच चार मजले चढून आली, आणि तिला धापसुद्धा लागली नाही. तिनं फ्लॅट पाहिला, नळ सोडून पाहिले, गच्चीचं दार ढकलून पाहिलं. तोवर निगम साहेब दारात आलेच, की बिना चाय के कैसे जाएँगी.

चहा झाला, शामी कबाब झाले. मंजिरीनं सहज विचारलं, इथं भाडेकरू लगेच मिळतात ना?

"किराएदार?" निगम साहेबांनी कप खाली ठेवला. "हम लोग रखते ही नहीं, बिटिया. माहौल बिगड़ जाता है."

मग त्यांनी भाडेकरू या जमातीविषयी आपलं मत मांडलं. भिंती खराब करतात, मेंटेनन्स देत नाहीत, गाड्या कशाही लावतात. निगमबाई मान डोलवत होत्या. मंजिरीचा चेहरा पडत गेला. ती उल्हासरावांकडे वळली आणि मराठीत म्हणाली, की तिच्या नवऱ्याची बदली झाली आहे, दोन महिन्यांत ती दोघं जोरहाटला जाणार. फ्लॅट घ्यायचा तो भाड्यानं द्यायलाच. जिथं सगळे मालक राहतात तिथं भाडेकरूला सुखानं राहू देत नाहीत, हा तिचा अनुभव होता.

उल्हासरावांच्या हातातला कबाब हातातच राहिला. जी गोष्ट लपवण्यासाठी ते आठवडाभर झोपले नव्हते, तीच या बाईला हवी होती.

"मंजिरी, खरं सांगतो," ते घाईघाईनं म्हणाले, "इथं सगळे भाडेकरूच आहेत. हे निगमसुद्धा."

"फोनवर तुम्ही मालक म्हणालात, काका. मी कुठलं खरं धरू?"

उल्हासरावांनी हात जोडले. "निगम साहब, अब इन्हें सच बता दीजिए. आप किराए पर हैं."

निगम साहेबांनी एकदा बायकोकडे पाहिलं. ती माउली ट्रे घेऊन थांबली होती, साडीचा पदर नीट करत. निगम साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच एका विनंतीला नकार दिला.

"डॉक्टर साहब," ते हळू आवाजात म्हणाले, "मेहमान के सामने ऐसा मज़ाक अच्छा नहीं लगता."

महिना संपायला आला होता. यातून निगम साहेबांचा भाडेकरार मागून बाहेर पडता आलं असतं, पण रेशमी साडीसमोर तो मागवेना.

पाहुण्याला गेटपर्यंत सोडायचा रिवाज असल्यामुळे निगम नवराबायको दोघंही खाली निघाली. दुसऱ्या मजल्यावर मंजिरी मागं वळली आणि निगमांना कळू नये म्हणून शांतपणे मराठीत बोलली.

"यांच्या घरात घड्याळ फ्रिजवर, फोटो कपाटाला टेकवलेले. भिंतीत एक खिळा नाही. काका, माझं सगळं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलंय, मला कळतं."

"म्हणजे घेतेस?" उल्हासरावांचा आवाज चिरकला.

"घेते. पण तुम्ही मला सगळे मालक असं सांगितलंत, आणि तेही मालक म्हणतायत. मालकांच्या सोसायटीत भाडं कमी येतं. किंमत त्याच हिशेबानं धरू."

आणि तिनं जो आकडा सांगितला, तो ऐकून उल्हासरावांनी कठडा धरला. विरोध करायचा तर निगमांना जिन्यात भाडेकरू ठरवायला हवं होतं.

गेटवर मालिनीबाई उठायच्या खटपटीत होत्या. आकडा ऐकून त्या परत बसल्या. नाशिकच्या जागेला पैसे पुरतील की नाही याचा हिशेब त्यांच्या कपाळावर दिसत होता. मंजिरीला संध्याकाळी दुसरा फ्लॅट बघायला आलमबागला जायचं होतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"नाशिकची बाहेरची खोली नंतर रंगवू," मालिनीबाई म्हणाल्या. "देऊन टाका."

मंजिरीनं वाकून नमस्कार केला आणि ती गेली. उल्हासराव भिंतीला टेकून उभे राहिले.

निगम साहेबांनी सौद्याची चौकशी केली. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणून उल्हासरावांनी आकडा सांगितला. निगम साहेबांचा चेहरा खरोखरच उतरला.

"ये आपने ठीक नहीं किया, डॉक्टर साहब," ते दुखावून म्हणाले. "बेचने से पहले हम मालिकों से पूछ तो लेते. पूरी सोसायटी का रेट गिरा दिया."