पाण्यातला भात

उमरी तालुक्यात येऊन मी तीन वर्षं पुराची वाट पाहिली. हे ऐकून लोक संशयानं बघतात, बघोत. माझं संशोधनच खोल पाण्यातल्या भातावर आहे. पाणी चढेल तसा हा भात उंच होतो, शेंडा कायम पाण्याच्या वर. महिनाभर शेतात कमरेइतकं पाणी टिकलं तरच प्रयोग पुरा. पहिली दोन वर्षं कोरडी गेली. हे शेवटचं.

या सप्टेंबरात गोदावरीचं पाणी नाल्यातून उलटं आत शिरलं आणि किशनरावांचं खोलगट शेत बुडालं. आख्ख्या गावात त्यांनीच मला प्रयोगाला जमीन दिली होती. मी बांधावर अक्षरशः नाचले. किशनरावही हसले, आणि तिथंच घोळ झाला.

शेत बुडालेला माणूस हसतो म्हणजे काय? गाव रीतसर भेटायला येऊ लागलं. बायका किशनरावांच्या बायकोच्या, केवळाबाईंच्या गळ्यात पडून रडायच्या. रोज रडून रडून केवळाबाईंनाही आपला घात झालाय हे खरंच वाटायला लागलं.

"धक्का बसलाय त्यांला," सरपंच मल्लिकार्जुन मला हळूच म्हणाले.

"अहो, ते खूश आहेत! भात वाढतोय!"

"हाव म्याडम. तुम्हीबी जिवाला जपा."

मी कपाळावर हात मारला. या गावाला शहाणपण शिकवायला मी कोण?

नदी उतरली, तरी शेतातलं पाणी राहिलं. विसाव्या दिवशी भात माझ्या खांद्याला लागला. दहा दिवस उरले होते.

एकविसाव्या दिवशी सकाळी गेले तर पाणीच नाही. सहा मोटारी, नाल्यापर्यंत चर खोदणारा जेसीबी आणि चिखलानं माखलेलं गाव. माझा भात गाळात आडवा. मोटारीचा पाइप खुद्द किशनरावांच्या हातात!

"किशनराव, तुम्ही?"

"काय करू म्याडम," ते खाली बघत म्हणाले. "लोकांचीबी शेतं बुडाली हायेत. ती तशीच सोडून आधी माझ्याकडं आले. त्यांला न्हाई कसं म्हणावं?"

मला त्यांचा राग आला, गावाचा आला, आणि त्यांचं म्हणणं पटलं म्हणून स्वतःचा सगळ्यात जास्त आला. सरपंचांनी नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मला रडू फुटलं.

केवळाबाईंनी पदरानं माझे डोळे पुसले.

"रडू नको माय," त्या म्हणाल्या. "वाचलं की समदं."